तेस्नीची गाठ

"ही गाठ आहे का मेलेला ससा?" मॅक्सेनने विचारलं.

तेस्नी डोंगरवाटेवरचं फाटक ओढून धरत होती. फाटकाची कडी केव्हाच गळून पडली होती आणि तिच्या जागी कुण्या मेंढपाळाने निळ्या सुतळीचा तुकडा लोंबत ठेवला होता. फाटक जसं सापडेल तसं पुन्हा लावून पुढे जायचं, हा तिथल्या डोंगरांचा कायदा. लावायचं ते शेवटच्या माणसाने, आणि शेवटचं माणूस नेहमी तेस्नीच असे. तिने सुतळीचे दोन वेढे दिले, एक टोक खालून वर खुपसलं, करकचून ओढलं आणि उरलेली दोन्ही टोकं तशीच वर उभी सोडली. ती वाऱ्यावर कानांसारखी हलू लागली.

"तंबूच्या दोरीलाही हीच मारते ती," बेका म्हणाली. "आज सकाळी दातांनी सोडवली मी. दातांनी!"

"सरांनी चार प्रकारच्या गाठी शिकवल्या," येस्टिन नकाशातून डोकं वर न काढता बोलला. "त्यांत ही नव्हती."

"मग ही पाचवी," तेस्नी म्हणाली आणि पाठीवरची सॅक उचलायला वाकली. वाकताना टाचांतून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण ती हसली. हसण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. चालण्यात मात्र सगळेच पुढे होते.

तिने एकदा मागे वळून पाहिलं. खाली रस्त्याच्या कडेला प्रोबर्ट सरांची पांढरी गाडी अजून उभी होती. आत हीटर चालू होता हे तिला पक्कं माहीत होतं, कारण थोड्या वेळापूर्वीच ती त्या गाडीच्या उघड्या दाराशी उभी होती आणि आतली ऊब तिच्या ओल्या गुडघ्यांपर्यंत आली होती.

प्रोबर्ट सर भूगोल शिकवत. वर्गात एक प्रश्न विचारला तर दहा उत्तरं देत, आणि घंटा झाली तरी अकरावं चालू असे. पण शाळकरी मुलांना मिळणाऱ्या ड्यूकच्या पुरस्कारासाठीच्या या मोहिमेचा नियम असा, की मोठ्यांनी दुरून नजर ठेवायची, मदत करायची नाही. मुलांनी आपली वाट आपण शोधायची, आपलं अन्न आपण शिजवायचं, आपल्या चुका आपण निस्तरायच्या. त्यामुळे डोंगरात आल्यापासून सरांच्या तोंडी एकच वाक्य उरलं होतं.

"सर, पुढची चढण फार आहे का?" तेस्नीने विचारलं होतं.

"तुम्हाला काय वाटतं?"

"सर, पाऊस येईल का?" मॅक्सेनने विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

"सर, तुमच्या डब्यात काय आहे?"

त्यावर सरांनी डब्याचं झाकण लावून घेतलं होतं.

'आत बसते' एवढं तेस्नीने म्हटलं असतं, तर सर नाही म्हणाले नसते. ते दोन शब्द तिच्या जिभेच्या टोकावर आले होते. ते तिने गिळले, कारण ते तिच्या एकटीचे नव्हते. निघताना ती पाच जणं होती. पहिल्याच संध्याकाळी मारेदचं पोट बिघडलं आणि तिला घरी पाठवावं लागलं. उरली चार. चारांहून कमी माणसांचा संघ पुरस्कारासाठी धरत नाहीत. म्हणजे तेस्नी त्या गाडीत बसली, की तिच्याबरोबर येस्टिन, बेका आणि मॅक्सेन, तिघंही बसली. दोन दिवस चाललेली, चिखलात झोपलेली, जळक्या लापशीवर जगलेली.

आणि आणखी एक गोष्ट होती. ही वाटच तिने निवडलेली होती.

प्रत्येक संघाला मोहिमेसाठी काही एक विषय घ्यावा लागे. दुसऱ्या संघांनी पक्षी घेतले होते, दगड घेतले होते. तेस्नीने चाचरत सुचवलं, की आपण माझ्या तैदची रविवारची वाट चालू या. तैद म्हणजे तिच्या आईचे वडील. आठवडाभर ते खोऱ्यात लोकांचं टपाल वाटत, आणि रविवारी देवाचं. सकाळी अलीकडच्या खोऱ्यातल्या हेब्रॉन चॅपेलमध्ये, म्हणजे तिथल्या छोट्या प्रार्थनाघरात, प्रवचन करायचं, मग वाऱ्याची खिंड ओलांडून पलीकडच्या रहोबोथ चॅपेलमध्ये संध्याकाळचं. गाडी नव्हती, घोडा नव्हता. मोहिमेसाठी चार दिवस पुरावेत म्हणून येस्टिनने वाटेला आणखी दोन खोरी आणि एक सरोवर जोडलं होतं. पण मधला कणा तैदच्याच वाटेचा होता.

तैदचं प्रवचन म्हणजे काय चीज होती, हे ज्याने ऐकलं त्यालाच ठाऊक. सुरुवात साध्या बोलण्याने. 'आज वारा आहे,' 'मिसेस पॅरीचा गुडघा बरा आहे असं ऐकतो,' असं काहीबाही. मग बायबलातलं एखादं वचन. मग हळूहळू शब्द तापत जात, वाक्य लांबत जाई, आणि कुठल्या क्षणी बोलण्याचं गाणं झालं ते बाकावरच्या कुणाला सांगता येत नसे. छप्पर वर उचललं गेल्यासारखं वाटे. म्हाताऱ्या बायका डोळे मिटून डोलत, आणि दारात घटकाभर टेकलेला मेंढपाळही 'आमेन' म्हणून जाई. लहानपणी तेस्नी या लांबवलेल्या सुरांना खिदळत असे, आणि आईचा चिमटा खात असे.

गेल्या हिवाळ्यात तैदच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ओठ हलत आणि त्यातून नुसती फुंकर येई. ते चॅपेलमध्ये शेवटच्या बाकावर बसत. रहोबोथच्या फाटकावर तर 'विक्रीस आहे' अशी पाटीच लागली होती. पुढच्या उन्हाळ्यात तिथे कुणाचं तरी सुटीतलं घर होईल. मोहीम तिथेच संपायची होती, तिथेच परीक्षक बाईंसमोर आपला विषय सांगायचा होता, आणि तिथे तैद येऊन बसणार होते. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी तेस्नीचे बूट मांडीवर घेऊन त्यांना चरबी चोळून दिली होती. आत्तेबहिणीचे जुने बूट. चोळता चोळता त्यांनी मान हलवली होती, पण बोलणार कसे?

म्हणून तेस्नीने फाटकाला गाठ मारली आणि गाडीकडे पाठ केली.

*

चढण सरळ छातीवर येणारी होती. वारा पाठीमागून ढकलत होता, तेवढीच काय ती मदत. तेस्नी दहा पावलं चाले आणि थांबे. तोंडाने श्वास घेतला की थंड हवा दातांना लागे, नाकाने घेतला की पुरत नसे.

"गाणं म्हण की," मॅक्सेन वरून ओरडला. "तुझ्या आजोबांच्या वाटेवर आहेस!"

"श्वास... आधी... मिळू दे!"

"जास्तीचा मिळाला तर मला दे, माझ्या सॅकमध्ये जागा आहे. बिस्किटं संपली."

"कधी संपली?" बेका गर्रकन वळली. ती शाळेच्या रग्बी संघात होती. ती वळली की समोरचा माणूस बाजूला होत असे. "ती उद्याची होती!"

"उद्याचा भरवसा काय? हे तर चॅपेलमध्ये सांगतात."

वर पोचेपर्यंत धुकं आलं. आधी शिखरं गेली, मग मेंढ्या गेल्या, मग पुढे चालणाऱ्या बेकाची लाल सॅकसुद्धा फिक्की गुलाबी झाली. खिंडीचा माथा म्हणजे पायवाट नसलेली दलदल; जिकडे तिकडे सारखेच गवताचे बुचके आणि मध्ये काळं पाणी. एका मोठ्या दगडाच्या आडोशाला बसून त्यांनी पाव आणि चीज खाल्लं. इकडून तिकडे फिरून पाय मोकळे केले, आणि निघायच्या वेळी कुणालाच सांगता येईना की आपण आलो कुठल्या बाजूने.

"म्हणून तर हे असतं," येस्टिन म्हणाला आणि त्याने सॅकच्या वरच्या कप्प्यातून पिवळी जलरोधक पिशवी काढली.

येस्टिन फार नीटनेटका मुलगा. त्याचे मोजेसुद्धा नावानिशी असत. त्या पिशवीत तो संघाच्या दोन मौल्यवान वस्तू ठेवी. एक, जिवावर बेतलं तरच उघडायचा म्हणून पाकिटात सीलबंद करून दिलेला फोन. दुसरं, होकायंत्र. एरवी होकायंत्र त्याच्या गळ्यात असे, पण काल पावसात त्याची दोरी तुटली, तेव्हा हरवू नये म्हणून त्याने ते फोनच्या पाकिटाला अगदी खेटून रात्रभर जपून ठेवलं होतं.

त्याने सुई स्थिर होऊ दिली, नकाशा फिरवला, हात लांब केला. "उत्तर ही. चला."

चौघं एकामागे एक निघाली. थोड्याच वेळात उतार लागला. उतार म्हटल्यावर सगळ्यांच्या जिभा सुटल्या. बेकाने रात्रीच्या जेवणाचा विषय काढला, मॅक्सेनने शिंगरासारखी उडी मारून दाखवली आणि तो मांडीपर्यंत चिखलात गेला.

तेस्नीच्या मात्र गालांना काहीतरी बोचत होतं. सकाळपासून वारा पाठीला होता. आता पावसाचे बारीक थेंब तिच्या चष्म्यावर समोरून येत होते.

"येस्टिन," ती म्हणाली, "वारा तोंडावर येतोय."

"मग?"

"सकाळी पाठीवर होता."

"नाव काय खिंडीचं? वाऱ्याची खिंड. इथे तो फिरणारच."

"हो, पण..."

"तेस्नी, हे यंत्र आहे. गाल नाही."

बरोबरच होतं. नकाशा वाचण्यात येस्टिन शाळेत पहिला, आणि तेस्नी कुठल्याच गोष्टीत कितवीही नव्हती. तिने चष्मा पुसला. पुढे एक दगडी भिंत लागली. "नकाशात भिंत आहे!" येस्टिन खूश होऊन म्हणाला. चौघं तिच्या कडेकडेने उतरत गेली. भिंतीच्या शेवटी धुक्यातून एक फाटक पुढे आलं.

फाटकावर निळ्या सुतळीची गाठ होती. दोन वेढे, एक टोक खालून वर खुपसलेलं, आणि वर दोन कान वाऱ्यावर हलत होते.

चौघं फाटकाशी थबकली.

"असंही असेल," मॅक्सेन सावकाश म्हणाला, "की आणखी कुणीतरी अशी गाठ मारत असेल."

"या जगात?" बेका म्हणाली. "नाही."

येस्टिनने होकायंत्र काढलं. फाटकाच्या खाली रस्ता, रस्त्याच्या खाली दक्षिण. एवढं तर नकाशाशिवायही कळत होतं. सुईचं लाल टोक मात्र ठामपणे, इमानाने, खाली रस्त्याकडे बोट दाखवत होतं. तो बघत राहिला. मग त्याने पिवळ्या पिशवीत पाहिलं, फोनच्या पाकिटाकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"फोनमध्ये चुंबक असतं," तो म्हणाला. "मी... मी दोन्ही एकत्र ठेवले. सुई उलटी झाली. रात्रभरात उलटी झाली." तो चिखलात मटकन खाली बसला. नावं घातलेल्या मोज्यांसकट.

दुपार कलली होती. चढलेली सगळी चढण पुन्हा डोक्यावर उभी होती. खालचा रस्ता रिकामा होता. सर गाडी घेऊन डोंगराला वळसा घालून पलीकडे गेले असणार. बेकाने आयुष्यात पहिल्यांदाच, कुणी थांबायला न सांगता, सॅक खाली टाकली.

"मी फोन लावतो," येस्टिन म्हणाला. "चूक माझी आहे. सरांना मीच सांगेन. तेस्नीला ही चढण दुसऱ्यांदा जमायची नाही. तिच्या टाचा बघितल्यात का तुम्ही? सकाळी मोज्यांवर रक्त होतं."

तो हे सगळं मायेनेच बोलत होता. बेका आणि मॅक्सेनही मायेनेच तेस्नीकडे पाहत होते. तिच्या 'हो'ची वाट बघत होते. तिने हो म्हटलं असतं तर कुणीही तिला बोल लावला नसता, उलट सगळ्यांचीच सुटका झाली असती. तेस्नीला ते स्पष्ट दिसलं. आणि त्याच क्षणी, कुठून कोण जाणे, तिला हसू आलं. आधी थोडं, मग आवरेना.

"काय झालं?" बेकाने घाबरून विचारलं. "डोकं फिरलं का हिचं?"

"गाठ," तेस्नी डोळे पुसत म्हणाली. "सरांच्या चारांपैकी कुठलीही गाठ असती ना, तर आपण हे फाटक उघडून गाणी म्हणत रस्त्यावर गेलो असतो. म्हटलं असतं, वा, रहोबोथ आलं!"

मॅक्सेन फुटला. मग बेका. येस्टिनने दोन्ही हातांत तोंड लपवलं, पण त्याचेही खांदे हलत होते; हसत होता की रडत, ते त्यालाच ठाऊक.

"पाकीट आत ठेव," तेस्नी त्याला म्हणाली. "कुणी मेलेलं नाही. टाचा माझ्या आहेत, त्यांचं मी बघते."

"पण होकायंत्रच बिघडलंय!"

"उलटं झालंय ना? मग उलटं धरू. पांढरं टोक म्हणजे उत्तर. रोज न चुकता खोटं बोलणाऱ्या माणसासारखा भरवशाचा दुसरा कुणी नाही. आणि वारा आहे की. पाठीवर ठेवायचा."

तिने सॅक चढवली आणि या खेपेला ती पुढे निघाली. शेवटच्या माणसाला शेवटी चालू दिलं, की ते मागे पडत जातं. पुढे घातलं, की बाकीच्यांना त्याच्या पावलाने यावं लागतं. ही गोष्ट तीन दिवसांत कुणाच्या लक्षात आली नव्हती. आता सगळी तिच्या पावलाने आली.

*

दहा पावलं झाली आणि तिचा श्वास संपला. थांबायचं नाही असं तिने ठरवलं होतं. थांबलं की पुन्हा निघताना टाचा जीव घेत. काहीतरी पुटपुटत राहावं म्हणून ती जे तोंडात येईल ते म्हणू लागली, आणि तोंडात आलं ते तैदचं, बायबलातल्या अब्राहाम आणि त्याचा मुलगा इसहाक यांच्या विहिरींचं प्रवचन. लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलेलं, की पाठ न करता पाठ झालेलं.

"अब्राहामाने विहीर खणली... पलिष्ट्यांनी मातीने बुजवली... मग इसहाकाने काय केलं?"

तैद इथे थांबत. बाकांवरून नजर फिरवत. सगळ्यांना उत्तर ठाऊक असे, पण कुणी बोलत नसे. मग तेच म्हणत, आणि म्हणताना शेवटचा स्वर लांब, लांब ओढत.

"पुन्हा खणलीऽऽऽ..."

तेस्नीने तो स्वर ओढला तेव्हा एक मोठा दगड आला होता आणि ती त्याच्यावर चढत होती. स्वर संपला, छाती रिकामी झाली, आणि आपोआप भरली. पाऊल वर पडलं. ती चकित झाली. पुढची ओळ म्हटली. छोटे छोटे शब्द, छोटी छोटी पावलं. मग पुन्हा उभी पायरी, आणि पुन्हा लांब स्वर.

"दुसरी खणली, भांडण आलं, सोडून दिली... मग काय केलं?... पुन्हा खणलीऽऽऽ..."

तेव्हा तिला उमगलं. कित्येक वर्षं, दर रविवारी, हेब्रॉनचं प्रवचन करून रहोबोथच्या प्रवचनाला जाताना तैद इथूनच वर चढत होते. इथेच ते प्रवचन मोठ्याने घोकत होते. ज्या स्वरांना चॅपेलमधली पोरं खिदळत, ते स्वर या डोंगराने बांधलेले होते. जिथे पायरी उंच, तिथे स्वर लांब. जिथे वाट सपाट, तिथे साधं बोलणं. मिसेस पॅरीचा गुडघासुद्धा सपाटीवरचा होता. देवाचं गाणं म्हणून जे छपराला जाऊन लागे, ते मुळात एका टपालवाल्याच्या छातीतून चढणीवर निघालेला श्वास होता. देवाला तो तसाच आवडला असणार.

"हे काय म्हणतेस?" मागून बेका धापा टाकत म्हणाली.

"प्रवचन."

"आम्ही कुठे म्हणायचं ते सांग."

"मी 'मग काय केलं' म्हटलं की 'पुन्हा खणली' म्हणा. लांब ओढा. छाती रिकामी होईपर्यंत."

मग त्या धुक्यात, त्या मेंढ्यांच्या वाटेवर, चार पोरांचं आख्यान लागलं. मॅक्सेनने विहिरींत आपल्या पदरच्या दोन घातल्या. एकीत पलिष्ट्यांनी बिस्किटं टाकली. येस्टिन सुरुवातीला नुसते ओठ हलवत होता. माथा जवळ आला तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज त्याचा होता. गवतातून एक मेंढी उठली, हे काय चाललंय म्हणून बघत राहिली, आणि सन्मानाने बाजूला झाली.

दगडाचा आडोसा आला. पांढऱ्या टोकाच्या मागे मागे दलदल ओलांडली. वारा पाठीला होता. आणि मग धुक्याला भोक पडावं तसं पलीकडचं खोरं खाली दिसलं. संध्याकाळचं पिवळं ऊन, हिरवे चौकोन, ओढ्याची रेघ, आणि टोकाला रहोबोथचं पाटीच्या दगडाचं करडं छप्पर, नखाएवढं.

मुक्कामाच्या भिंतीशी प्रोबर्ट सर उभे होते. बसलेले नव्हते, उभे होते. त्यांनी चौघांना मोजलं. मोजताना त्यांचे ओठ हलले.

"सर, उशीर झाला," तेस्नी म्हणाली. "का झाला ते सांगू?"

सरांनी तोंड उघडलं, मिटलं. "तुम्हाला काय वाटतं?" ते म्हणाले, आणि पाठ वळवून थर्मासमधला चहा ओतू लागले. अर्धा चहा कपाबाहेर गेला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी चौघं रहोबोथला पोचली. पाटी लावलेल्या फाटकातून आत, अंगणात. आतलं दार बंद होतं. किल्ली कुठल्याशा विक्री कचेरीत. परीक्षक बाई भिंतीवर छत्री टेकून उभ्या होत्या, आणि दाराच्या दगडी पायरीवर तैद बसले होते. रविवारचा काळा कोट, गळ्याभोवती मफलर, गुडघ्यावर टोपी.

तेस्नी लंगडत त्यांच्याकडे गेली. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही, आधी बुटांकडे पाहिलं. ओठ हलले. 'पाय?'

"फोड आलेत, तैद. दोन्ही टाचांना."

त्यांनी समजून मान हलवली. ओठ पुन्हा हलले. 'मलाही यायचे.'

मग विषय सांगायचा होता. येस्टिनने नकाशा उघडून वाट दाखवली, आणि कुणी विचारायच्या आत होकायंत्राचीही गोष्ट सांगून टाकली. बाईंनी भुवया वर केल्या.

"आणि चुकलात हे कशावरून कळलं?"

"हिच्या गाठीवरून," तिघांनी एकदम सांगितलं. बाईंना काही कळलं नाही, पण त्यांनी हसून मान डोलावली.

तेस्नीने प्रवचन धरलं. लोकांसमोर बोलायची तिला सवय नव्हती. घाबरून तिने सूर फार वर लावला. दोन शब्दांतच आवाज चिरकला. समोर पायरीवर तैदचा हात उठला. तळवा जमिनीकडे करून त्यांनी तो सावकाश खाली दाबला. खाली. अजून खाली. हां.

तिने पुन्हा सुरू केलं. या वेळी सूर मावला. "...मग इसहाकाने काय केलं?" मागून तिघांनी छात्या रिकाम्या केल्या. तैदचे ओठ हलत होते, आवाजाशिवाय, पण अचूक; आणि प्रत्येक लांब स्वराला त्यांचा उजवा पाय पायरीवरून जरासा उचलला जात होता, वर ठेवल्यासारखा. तेस्नीने ते पाहिलं आणि तिचा सूर हलला नाही. शेवटी ती शेवटच्या विहिरीशी आली, जिच्यासाठी कुणी भांडलं नाही, जिचं नाव इसहाकाने रहोबोथ ठेवलं, 'आता आम्हाला जागा मिळाली.' तिथे स्वर लांब नव्हता. तिथे साधं बोलणं होतं. तिथे वाट सपाट होती.

परीक्षक बाईंनी छत्री बगलेत धरून चौघांशी हस्तांदोलन केलं. चौघंही पास. मॅक्सेनने लगेच विचारलं, "सर, आता तरी डबा उघडाल?"

"तुम्हाला काय—" सर म्हणाले आणि थांबले. मग त्यांनी डबा उघडला. आत मनुकांचा पाव होता, लोणी लावलेला, चौघांना पुरेल एवढा कापलेला. पहिल्या दिवसापासून रोज कापून आणत होते म्हणे.

पाव खात सगळी फाटकाबाहेर रस्त्यावर आली. शेवटचं माणूस तैद होते. त्यांनी एकदा मागे छपराकडे पाहिलं, टोपी घातली आणि फाटक ओढून घेतलं. कडी गंजून तुटलेली होती. त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला, सुतळीचा एक तुकडा काढला. सुतळीचे दोन वेढे दिले, एक टोक खालून वर खुपसलं, करकचून ओढलं, आणि उरलेली दोन्ही टोकं तशीच वर उभी सोडली.

मॅक्सेनचा घास तोंडातच राहिला. बेकाने त्याला कोपर मारलं. तेस्नी आपल्या स्वतःच्या हातांकडे बघत होती.

तैदनी फाटक एकदा हलवून पाहिलं. हललं नाही. मग त्यांनी तेस्नीची सॅक आपल्या खांद्यावर घेतली आणि ते पुढे चालू लागले. मागे, विक्रीच्या पाटीखाली, ते दोन कान वाऱ्यावर हलत राहिले.